फेस दिसत नाही म्हणून पावडर वाढवू नका

मागच्या अंकात या पानावर एक छोटी चौकट होती. मशीनमध्ये धुण्याची पावडर किती, कोणती, कशी घालायची याबद्दल शंका असेल तर लिहा, असं तीत म्हटलं होतं. पत्रं आली, फोनवर निरोप आले, एका मावशींनी नातवाच्या हातून चार पानं लिहून पाठवली. ज्या शंका पुन्हा पुन्हा आल्या त्या इथे घेतल्या आहेत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत, कारण गाव बदललं की पाणी बदलतं.

माझी ओळख थोडक्यात. 1996 साली नाशिकमधल्या सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडलो, तीन वर्षं अंबडच्या एका कारखान्यात काढली आणि मग सिडकोत मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. तेव्हापासून हेच काम. ‘मशीन बिघडलं’ म्हणून लोक बोलावतात, मी जाऊन बघतो तर मशीन ठणठणीत, पावडर मात्र भलतीच जास्त, असं आठवड्यातून एकदा तरी होतंच. त्या घरचे दुरुस्तीचे पैसे हातात घेताना मला बरं वाटत नाही. म्हणून हे पान मनापासून लिहितो आहे.

पंचवटीहून एक आजी, वय 71: सूनबाईंनी पुढून दार उघडणारं मशीन घेतलं. ती मोजून चार चमचे पावडर घालते. काचेतून बघते तर नुसते ओले कपडे गरगरतात, फेसाचा पत्ता नाही. मी जन्मभर धुणं केलं, फेस न येता मळ निघालेला पाहिला नाही. ती कामाला गेली की मी आणखी दोन मुठी टाकते, मग जिवाला बरं वाटतं. आता मशीन मध्येच थांबतं, 40 मिनिटांचं धुणं दोन तास चालतं आणि घरात माझ्याकडे बोट दाखवतात. माझं चुकतं का?

मावशी, तुमचा अनुभव खोटा नाही. फक्त तो दुसऱ्या साबणाचा आहे.

तुम्ही धुणं शिकलात ते वडीच्या साबणावर. माझी आईसुद्धा. नळाला पाणी आलं नाही की ती विहिरीवर जायची आणि ‘या पाण्याला साबण लागत नाही’ म्हणून कुरकुरायची. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. तेल आणि कॉस्टिकपासून केलेला खरा साबण आधी या क्षारांना जाऊन चिकटतो आणि त्याचा पांढरा चिकट साका होतो. तुमच्या जुन्या बादलीच्या काठावर जी रेघ धरायची, ती हीच. पाण्यातले क्षार असे संपले की मगच उरलेला साबण फेस धरतो. म्हणजे त्या काळी फेस आला याचा अर्थ पाण्याचं देणं फिटलं, आता साबण मळाला लागेल. खूण अगदी बरोबर होती.

मग डिटर्जंट आले. आपल्याकडे 1959 साली सर्फ आला, 1969 मध्ये निरमा. डिटर्जंटचा क्षारांशी तसा साका होत नाही, त्यामुळे तो जड पाण्यातही फेस देतो. बादलीत हातानं धुणाऱ्यांना फेस हवाच असतो, म्हणून बादलीच्या पावडरी भरपूर फेसाच्याच असतात. फ्रंट लोड, म्हणजे पुढून दार उघडणाऱ्या मशीनच्या पावडरीत मात्र उलट, फेस दाबणारं द्रव्य घातलेलं असतं.

ते का, तर तुमचं धोपटणं आठवा. दगडावर कपडा ठेवून तुम्ही धोपटायचात तेव्हा मळ सुटायचा. फ्रंट लोडचा ड्रम तेच करतो. कपडे वर उचलतो आणि खाली आपटतो. ड्रममध्ये फेस भरला की कपडे दगडावर न पडता गादीवर पडतात. आपटणं संपलं, धुणंही संपलं. नुसता फेस हलतो आणि वरून छान दिसतं.

मळ काढण्याचं काम फेस करतच नाही. डिटर्जंटच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. असे पुष्कळ कण तेलकट मळाभोवती गोळा होतात आणि त्याला कपड्यावरून उचलून पाण्यात आणतात. फेस म्हणजे त्याच कणांनी अडवलेली हवा. मळाला पुरतील एवढे कण पाण्यात झाले की पुढची मूठ कपडा जास्त स्वच्छ करत नाही. ती फक्त विसळून काढावी लागते, आणि गोची तिथेच आहे. फ्रंट लोड एका धुण्याला विसळण्यासकट साधारण 50 ते 70 लिटर पाणी घेतं. टॉप लोडला त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त लागतं. एवढ्या थोड्या पाण्यात तुमच्या दोन मुठी निघून जात नाहीत. मशीनला फेस कळतो, ते पिळणं थांबवतं, पुन्हा पाणी घेतं, पुन्हा प्रयत्न करतं. ते दोन तास असे होतात.

आता एक करा. धुतलेले चार टॉवेल घ्या, कणभरही पावडर न घालता 40 अंशांच्या पाण्यात फिरवा आणि दहा मिनिटांनी काचेतून बघा. जो फेस दिसेल तो मागच्या धुण्यांचा, टॉवेलात मुरलेला. तो दिसेनासा होईपर्यंत टॉवेल असेच नुसत्या पाण्यात धुवा, दोन-तीन वेळा लागतील.

मापाचं सांगतो. माझ्या घरी 7 किलोचं फ्रंट लोड आहे, पाणी महापालिकेचं. कपडे भरल्यावर वर आडवा पंजा आत जाईल एवढी जागा ठेवतो आणि चार सपाट टेबलस्पून पावडर घालतो, वजनात 45 ग्रॅमच्या आसपास. ऑफिसचे फारसे न मळलेले कपडे असले तर तीन. मुलगा मैदानावरून लाल माती घेऊन आला तर पाच. आधी पाकिटावरचं माप वाचा, मग कपडे बघत बघत चमच्या-चमच्यानं खाली या. सूनबाईंचे चार चमचे बरोबर आहेत.

फेस गेला, मग खूण कोणती धरायची? मी या दोन धरतो. धुऊन निघालेला पांढरा रुमाल ओला असतानाच बोटांत चोळा. बुळबुळीत लागला तर पावडर जास्त झाली. आणि सदऱ्याची कॉलर, मनगटाची कड बघा. तिथे काळी रेघ राहिली तर पावडर कमी पडली, नाहीतर पाणी फार गार होतं. ही पारख सूनबाईंपेक्षा तुमच्या बोटांना जास्त येईल. कपडे काढताना ती तुम्हीच करा आणि माप त्यांना सांगा.

गंगापूर रोडहून एक वाचक: मशीनला चार वर्षं झाली. टॉवेल धुऊन निघाले की ठीक वाटतात, पण अंग पुसलं की कुबट वास सुटतो. दाराच्या रबरावर काळे ठिपके आहेत. पावडर वाढवली, सुगंधी कंडिशनर दुप्पट केला, वास जात नाही.

ताई, वासावर सुगंध ओतू नका. वास ज्या थराचा आहे तो थर त्यानं जाड होतो.

मागच्या पावसाळ्यात तुमच्याच भागात एका घरी गेलो होतो. तक्रार होती ‘ड्रम डुगडुगतो, पिळताना विमानासारखा आवाज येतो’. मशीन उघडलं. आतला ड्रम बाहेरून आणि त्याला झाकणारा टब आतून, दोन्हींवर करडा लिबलिबीत थर होता, साईसारखा. बोटानं खरवडला तर निघाला. ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा भाग असतो, त्याला आम्ही स्पायडर म्हणतो. तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. थराखाली तो खाऊन खाऊन भुसभुशीत झाला होता, एक हात हातातच तुटला. पावडर अल्कधर्मी असते आणि ॲल्युमिनियमला ते सोसत नाही. रोज धुऊन गेली तर काही होत नाही, पण थरात अडकून महिनोन्महिने ओली राहिली की धातू खाते. त्या बाईंना खर्चाचा आकडा सांगताना माझा आवाज बसला. बाहेरून मशीन आरशासारखं पुसलेलं होतं.

थर कशाचा? न विसळलेली पावडर, कंडिशनरमधला मेणचट भाग, अंगाचं तेल, कपड्यांची लव. त्यावर जिवाणू आणि बुरशी वाढते. सगळं धुणं गार पाण्यात, सगळं 15 मिनिटांच्या झटपट प्रोग्रॅमवर आणि धुणं संपलं की दार घट्ट बंद, असं चाललं तर थर झपाट्यानं वाढतो.

उपाय सांगतो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन 60 अंशांवर, असेल तर 90 वर, पूर्ण लांब प्रोग्रॅमवर चालवा. टब साफ करायची पावडर घाला, नसेल तर मशीनची नेहमीची पावडर चालेल. टॉवेल आणि चादरी कायम 40 अंश किंवा वर. रबराची घडी बोटानं उलटून पुसा, तिथे केस, नाणी आणि काळं पाणी सापडेल. पावडरचा ड्रॉवर ओढून बाहेर येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. मागची कळ दाबून तो काढा, जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासा, आणि ज्या खोबणीत तो बसतो तिच्या छताकडेही बघा. बहुतेक घाण तिथेच असते. खाली कोपऱ्यातल्या झाकणामागे ड्रेनची जाळी असते, तीही याच दिवशी. धुणं झालं की दार आणि ड्रॉवर दोन बोटं उघडे ठेवा. घरात लहान मूल असेल तर मात्र दार उघडं सोडू नका, रबर कोरडं पुसून बंद करा.

कंडिशनर टॉवेलांना अजिबात नको. तो धाग्यावर पातळ लेप देतो, कपडा मऊ लागतो, पण टॉवेल पाणी शोषत नाही.

पाथर्डी फाट्याहून एक वाचक: सोसायटीत निम्मं पाणी महापालिकेचं, निम्मं बोअरचं, उन्हाळ्यात टँकर. काळ्या टी-शर्टवर पांढरे फराटे येतात, कपडे खरखरीत होतात. दोन कंपन्यांच्या पावडरी बदलून झाल्या. एक जण म्हणतो पाणी मऊ करायचं यंत्र बसवा.

दादा, पैसे खर्च करण्याआधी पांढरं काय आहे ते ओळखा. पांढरे डाग दोन प्रकारचे असतात आणि त्यांचे इलाज एकमेकांच्या उलटे आहेत.

ओल्या बोटानं डाग चोळा. बुळबुळला आणि पाण्यानं गेला तर ती न विरघळलेली पावडर आहे. पाण्यानं गेला नाही, पण लिंबाचा रस किंवा व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर गेला, तर तो क्षार आहे.

पावडरचा डाग असेल तर कारणं साधी. ड्रम कोंबून भरलेला, प्रोग्रॅम छोटा, पाणी गार. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे टाकीतलं पाणी हाताला चावतं, निफाडला तर पारा एक आकडी होतो. त्या पाण्यात पावडर काय विरघळणार! तेवढे दोन महिने 40 अंशांवर धुवा किंवा लिक्विड वापरा. टॉप लोड असेल तर पावडर मगभर कोमट पाण्यात विरघळवून आधी टबमध्ये ओता, कपडे नंतर. ड्रॉवरमध्येच पावडरचा गोळा राहत असेल तर मशीनला पाणी जिथून येतं त्या पाइपच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून बघा. टँकरच्या पाण्यातली रेती तिथे अडकते, धार बारीक होते आणि पावडर वाहून जात नाही. नळ बंद करून पाइप सोडवा, जाळी पकडीनं ओढा, नळाखाली धुवा. यासाठी मला बोलावू नका, पाच मिनिटांचं काम आहे.

क्षाराचा डाग असेल तर गोष्ट वेगळी. गंगापूर धरणाचं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस, त्यात क्षार कमी. बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांत मुरून राहिलेलं असतं, ते दगडातले क्षार घेऊन वर येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पाणी प्यायला नियमात बसतं, पण धुण्याला जड असतं, असं सहज होतं.

स्वयंपाकघरात हे आधी कळतं. तूरडाळ शिजता शिजत नाही, चहावर पातळ तवंग धरतो, भांड्याच्या तळाला पांढरं कवच येतं. घरी तपासायचं तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी अर्ध्यापर्यंत, दुसरीत घरच्या आरओचं तेवढंच. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच, नखाएवढा कीस टाका आणि सारखंच हलवा. आरओच्या बाटलीत फेस राहील. नळाच्या बाटलीत फेस बसला आणि पाणी दुधाळ झालं, तर पाणी जड आहे. वरच्या आजींची जुनी खूण इथे कामाला येते. मात्र कीस साबणाचाच हवा, डिटर्जंटचा नको.

पाणी जड निघालं तर पावडर थोडी वाढवणं खरंच गरजेचं आहे. आजींना जे करू नका म्हटलं, तेच तुम्हाला करा म्हणतो आहे, पण पाणी तपासल्यावर. माझ्या चार चमच्यांच्या जागी पाच-सहा. पावडरमध्ये क्षारांना अडवून ठेवणारे घटक असतात, ते जड पाण्यात लवकर संपतात, म्हणून वाढ. स्वस्त पावडरीत हे काम मुख्यतः धुण्याचा सोडा करतो. तो क्षारांना खडूसारखं खाली बसवतो आणि तो खडू कपड्यातच राहून कपडा खरखरीत होतो. तुमच्या पाण्याला चांगली पावडर किंवा लिक्विड घ्या. ज्या दिवशी नळाला महापालिकेचं पाणी असेल त्या दिवशी गडद कपडे काढा, हे तर फुकटात होतं.

दोन महिन्यांनी एकदा मशीन रिकामं ठेवून 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबाचं फूल म्हणून मिळतं, ड्रममध्ये टाका आणि 60 अंशांवर चालवा. हीटरवरचं कवच सुटतं. मशीनच्या पुस्तिकेत असं करू नका लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका. एक गोष्ट मात्र जिवाशी गाठ आहे: ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीही नको, एकामागोमाग एकही नको. क्लोरीन वायू सुटतो. न्हाणीघरासारख्या बंद जागेत तो फुप्फुसं जाळतो.

यंत्राचं म्हणाल तर सोसायटीनं आधी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं, कागदावर आकडा बघावा, मग ठरवावं. त्या यंत्राला नियमानं मीठ घालत राहावं लागतं. ते कोण घालणार, हेही आधीच ठरवा.

कॉलेज रोडहून एक विद्यार्थिनी: फ्लॅटवर आम्ही चौघी आहोत. लिक्विड आणि कंडिशनर एकाच कप्प्यात घातलं तर चालतं का? आणि त्या छोट्या जेलच्या गोळ्या कुठे टाकायच्या?

एकाच कप्प्यात नको. डिटर्जंटवर ऋण भार असतो, कंडिशनरवर धन. दोघे एकमेकांना धरतात, चिकट गोळा होतो आणि दोघांचंही काम होत नाही. डिटर्जंट ‘2’ लिहिलेल्या कप्प्यात, कंडिशनर फुलाच्या चित्राच्या कप्प्यात आणि तिथल्या रेषेच्या खालीच. वर गेलं तर ते लगेच वाहून जातं. ‘1’चा कप्पा पूर्वधुण्याचा आहे, रोज रिकामा ठेवा. गोळी ड्रममध्ये, सगळ्यात आधी, कोरड्या हातानं, आणि तिच्यावर कपडे. कापून अर्धी करायची नाही.

दसकहून एक शिक्षक: दर वर्षी गोदावरीत पाणवेलींचा गालिचा होतो. आमच्या घरातलं धुण्याचं पाणीही शेवटी तिथेच जातं ना? कोणती पावडर घेतली तर कमी त्रास?

सर, जातं. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे पाणवेलींचं खत आहे. मोठा वाटा मैलापाण्याचा असतो, पण काही पावडरींत फॉस्फेट असतं, तेही त्यात भर घालतं. पाकिटावर ‘फॉस्फेट नाही’ असं लिहिलेली पावडर घ्या. तिच्यात क्षार धरायला झिओलाइट किंवा तसंच काही असतं आणि धुणं तेवढंच चांगलं होतं. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. या गंगेचं पाणी पुढे नांदूर मध्यमेश्वरला जातं, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगानं महत्त्वाची मानलेली पाणथळ, ठरलेल्या पक्ष्यांच्या ठिकाणी. पंचवटीच्या आजींच्या दोन मुठी थांबल्या तर त्या घरातून रोज तेवढी पावडर गटारात जायची थांबते. हे मला दुकानात बसून दिसतं, म्हणून माप, माप म्हणून इतका मागे लागतो.

पिंपळगाव बसवंतहून एक वाचक: आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या सुरू झाल्या की मालकांचे कपडे रोज औषधानं भिजलेले असतात. घरात धाकटी तीन वर्षांची आहे. तेच मशीन, तीच पावडर. चालतं का? बोर्डोचे निळे डागही निघत नाहीत.

ताई, सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घरच्या कपड्यांबरोबर अजिबात चालत नाही. औषध एका कपड्यावरून दुसऱ्यावर जातं.

फवारणीचे कपडे एक जोड ठरवून ठेवा, दुसऱ्या कामाला वापरायचे नाहीत. संध्याकाळी ते घरात येऊच नयेत. अंगणात काढायचे, झाकणाच्या वेगळ्या बादलीत. रोजचे रोज धुवा, कारण औषध जितकं वाळेल तितकं धाग्यात बसतं. हाताळताना रबरी मोजे घाला. ओल्या हातांच्या कातडीतून औषध शरीरात जातं, आणि फवारणारा माणूस निदान मास्क लावतो, धुणारी बाई काहीच लावत नाही. हे मी कित्येक घरी पाहिलं आहे.

आधी बादलीत नुसत्या पाण्यानं आघळून घ्या. ते पाणी विहिरीत, चारीत, गुरांच्या कुंडाजवळ जाऊ देऊ नका. मग मशीनमध्ये तेवढेच कपडे, ड्रम अर्धा रिकामा, कपड्याला सोसेल तेवढं गरम पाणी, पावडर पाकिटावरच्या पूर्ण मापानं. इथे काटकसर करायची नाही. तेलकट औषधांना जाड लिक्विड चांगलं लागू पडतं. लांब प्रोग्रॅम आणि वरून एक जास्तीचं विसळणं. कपडे काढल्यावर मशीन रिकामं, गरम पाणी आणि पावडर घालून पुन्हा एकदा चालवा, मगच धाकटीचे झबले. वाळत घालणं बाहेर, उन्हात.

बाटलीतलं दाट औषध कपड्यावर सांडलं असेल तर तो कपडा धुऊ नका. तो गेला असं समजा. पँट नवी मिळते.

सेमी ऑटोमॅटिकचं जुनं मशीन स्वस्तात मिळालं आणि मोटर शेडमध्ये ठेवता आलं, तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तुमच्या तालुक्यातल्या दोन घरांना मी असंच करून दिलं आहे.

निळा डाग मोरचुदातल्या तांब्याचा. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, त्यामुळे साबणानं, सोड्यानं तो हलणार नाही. त्याला आंबट लागतं. वरच्या सगळ्या धुण्यानंतर एक लिटर पाण्यात मोठा चमचा लिंबाचं फूल विरघळवा, डागाची जागा अर्धा तास बुडवा, साध्या पाण्यानं भरपूर विसळा. ब्लीच जवळही आणू नका, कारण वर सांगितलंच आहे.

जुन्या नाशकातून एक वाचक: भाच्याची हळद झाली. पांढऱ्या कुर्त्यावर हळद पडली, लगेच साबण लावला तर डाग लालभडक झाला! मशीनमध्ये दोनदा फिरवला. कुर्ता गेला का?

नाही गेला. हळदीतला रंग अल्कधर्मी साबणात लाल होतो, विसळल्यावर पुन्हा पिवळा. कुंकू करतानाही हळदीला हेच होतं. लाल पाहून घाबरून आणखी पावडर टाकू नका, आणि इस्त्री तर मुळीच फिरवू नका, डाग पक्का होतो.

हळद तेलात कालवलेली असेल तर आधी तेल काढा. डागावर लिक्विडचे चार थेंब, बोटानं हलकं चोळा, अर्ध्या तासानं 40 अंशांवर एक धुणं. तेल गेलं तरी पिवळी सावली राहील. तिला पावडर काही करू शकत नाही, ते काम उन्हाचं आहे. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. कुर्ता ओला करा, डागाची बाजू वर करून गच्चीत दोरीवर टाका, वाळला की पुन्हा ओला करा. एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन दिवस पुरतात, पावसाळ्यात आठवडा धरा. हे फक्त पांढऱ्या सुती कपड्याला. रंगीत कपडा उन्हात डागाबरोबर स्वतःही उडतो, आणि हळदीला नेसलेली येवल्याची पैठणी असेल तर ती मशीनलाही नको, उन्हालाही नको, थेट ड्रायक्लीनवाल्याकडे न्या आणि डाग कशाचा आहे ते त्याला सांगा.